ओमेनाचे माच : प्रकल्प नोंदी (जुलै ते ऑक्टोबर २०२३)

३० जुलै, रविवार

केनियातल्या किसुमूहून होमा बे, तिथून मटाटूच्या (इथली वडाप मिनीबस) मागच्या बाकावर दोन कोंबड्या आणि एका गादीसोबत किनाऱ्यावर. व्हिक्टोरिया सरोवर म्हणतात म्हणून सरोवर म्हणायचं. ६८,००० चौरस किलोमीटरच्या वर पसरलंय, म्हणजे महाराष्ट्राचा पाचवा हिस्सा पाण्याखाली घातला तरी हे थोडं उरेल. त्यातलं केनियाच्या वाट्याला जेमतेम सहा टक्के. पलीकडचा काठ दिसत नाही. पण वास खारा नाही. अर्नाळ्यात वाढलेल्या माणसाला एवढं पाणी आणि वासात मीठ नाही, हे पचायला दोन दिवस लागणार.

काम साधं दिसतंय. किनाऱ्यावरच्या बायका ओमेना नावाचा बारीक मासा वाळूवर आणि गवतावर जुनं जाळं अंथरून सुकवतात. त्यात वाळू जाते, कोंबड्या जातात, शेळ्या जातात, पाऊस आला की सगळंच जातं. आम्ही कमरेइतक्या उंचीचे माच बांधून द्यायचे. कागदावर बारा माच मंजूर आहेत. बाराच का, असं विचारलं तर उत्तर मिळालं : या किनाऱ्यावर सरासरी रोज बारा कराया मासा येतो, एका माचावर एक कराई पसरते.

कराई म्हणजे आपली कढई. घमेल्याएवढं पसरट भांडं, त्यानेच मासा मोजतात. त्याहून मोठं माप 'डेबे', म्हणजे आपला डबा. गाडीला 'गारी'. भाषा येत नसताना निम्मा बाजार कळतो.

मासा एकच, नावं तीन. केनियातल्या लुओ लोकांचा ओमेना, टांझानियात डागा, युगांडात मुकेने. शास्त्रीय नाव रास्ट्रिनिओबोला अर्जेंटिया. पेलग्रँ नावाच्या फ्रेंच संशोधकाने १९०४ साली त्याचं वर्णन केलं. अर्जेंटिया म्हणजे चांदीची. तेवढं नाव तरी कोणालाही पटेल.

१ ऑगस्ट, मंगळवार

केनियात एप्रिल ते जुलै असे चार महिने ओमेनाची मासेमारी बंद असते, प्रजननासाठी. काल रात्री बारा वाजता बंदी संपली. मी पहाटे पाचला टॉर्च, वही आणि वजनकाटा घेऊन किनाऱ्यावर हजर. आमच्याकडे बंदी उठल्यावर पहिल्या दिवशी काय धांदल असते ते डोक्यात होतं.

किनाऱ्यावर एक कुत्रं होतं. होड्या सगळ्या वर ओढलेल्या.

इथल्या सुकवणाऱ्या बायकांमध्ये जी सगळ्यात वडीलधारी आहे, तिला सगळे मामा म्हणतात. म्हणजे तसं प्रत्येकच बाईला इथे मामा म्हणतात, मलाही. (आईला फोनवर सांगितलं, तर पाच मिनिटं हसत होती.) मी मामांना विचारलं, होड्या का नाही गेल्या? त्यांनी हनुवटीने पश्चिमेकडे दाखवलं. मावळायला आलेला भलाथोरला पूर्ण चंद्र.

"बंदी नैरोबीने उठवली. चंद्राने कुठे उठवलीय?"

आज पौर्णिमा आहे, अधिक श्रावणातली. कोळ्याच्या पोरीने चंद्र न बघता वही घेऊन यावं, याची लाज वाटली. आपल्याकडे चंद्र बघायचा तो भरती-ओहोटीसाठी, उधाणासाठी. इथे भरती नावाची गोष्टच नाही, म्हणून मी चंद्र घरी ठेवून आले होते.

३ ऑगस्ट

निलगिरीचे वासे आले. चार माच उभे. खिळे कमी पडले.

६ ऑगस्ट, रविवार

पहिला मासा. पौर्णिमेनंतर चंद्र रोज पाऊणएक तास उशिरा उगवतो. काल तो दहाच्या आसपास उगवला, म्हणजे संध्याकाळनंतर तीन तास मिट्ट काळोख मिळाला आणि तेवढ्यात होड्यांनी जाळी टाकून घेतली. सात कराया.

ओमेना पहिल्यांदाच ओला हातात घेतला. माझ्या करंगळीएवढा, काही त्याहून लहान. बाजूने चपटा, तोंड वरच्या दिशेला वळलेलं, कारण खायचं ते वरून टिपायचं. कुशीवर चांदीचा पट्टा, तळहाताला खवले चिकटतात आणि हात धुतले तरी नखांत राहतात. सुकल्यावर आपल्या सुक्या मांदेलीच्या धाकट्या भावासारखा दिसतो. चवीला मात्र थोडा कडवट, कारण पोट काढत नाहीत. एवढ्याशा माशाचं पोट काढायचं तर जन्म जाईल. डोक्यासकट, काट्यासकट, सगळाच खातात.

माचाची फजिती. मी माचावर हिरवं शेडनेट ताणलं होतं. सकाळी मासा नीट बसला. अकरापर्यंत आकसला आणि भोकांतून निम्मा खाली. बाकीच्यांची डोकी भोकांत अडकलेली, उलटायला गेलं तर मुंडकी तुटतात. मामा काही बोलल्या नाहीत. घरी गेल्या आणि ओमेनाचंच जुनं जाळं घेऊन आल्या, शेडनेटवर अंथरलं. ज्या जाळ्यातून तो जिवंत सुटला नाही त्यातून सुका कसा सुटेल! कायद्याने ओमेनाच्या जाळ्याचा डोळा दहा मिलिमीटर हवा. त्या जुन्या जाळ्याचा किती होता ते मी मोजलं नाही. वहीत लिहावं लागलं असतं.

१० ऑगस्ट, गुरुवार

काल रात्री होडीवर गेले. पाच माणसं, मी सहावी, आणि माझ्या लाइफ जॅकेटवर सगळ्यांचे विनोद. निघताना चंद्राची उगवायची, मध्यरात्रीनंतरची वेळ सगळ्यांना तोंडपाठ. किनाऱ्यापासून तासभर. चार लाकडी तराफे, प्रत्येकावर एक दिवा. पूर्वी रॉकेलचे पेट्रोमॅक्स असायचे, आपल्या लग्नाच्या वरातीतल्या गॅसबत्त्यांसारखे. आता बऱ्याच होड्यांवर सौर बॅटरीचे एलईडी दिवे. म्हातारा नावाडी म्हणतो पेट्रोमॅक्सचा उजेड मासा जास्त ओळखतो. तरुण हसतात, पण एक पेट्रोमॅक्स बरोबर असतोच.

दिवे पाण्यावर सोडले आणि वाट बघत बसलो. पहिली पंधरा मिनिटं नुसते किडे. मग उजेडाच्या गोळ्यात पाणी दाट दिसायला लागलं, कण कण हलताहेत असं. ते तरंगणारे बारीक जीव, ओमेनाचं अन्न. दिवसा ओमेनाचे थवे खोल, तळाच्या बाजूला असतात. अंधार पडला की हे जीव वर सरकतात आणि त्यांच्यामागून ओमेना. म्हणजे चंद्र नसलेल्या रात्री मासा वर यायचाच असतो. दिवा त्याला फक्त एका जागी गोळा करतो. आणि पौर्णिमेला सगळं सरोवरच उजळलेलं, मग एका दिव्याला कोण विचारतं?

पाऊण तासाने आवाज आला. खरंच आवाज आधी आला. पत्र्यावर रिमझिम सुरू व्हावी तसा. बघितलं तर दिव्याभोवती पाण्याचा पृष्ठभाग बारीक बारीक फुटतोय. थवा गोल फिरत होता, सगळे एका दिशेने. मध्येच काहीतरी झालं की सगळ्या कुशी एकदम वळायच्या आणि चांदीचा पत्रा फडकावल्यासारखी लकाकी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायची. नावाड्याने खाली बोट दाखवलं : "म्बुता." म्हणजे नाईल पर्च, मोठा शिकारी मासा. थव्याच्या खालून तो घुसतो. थव्यात राहिलं तर हजारांतला एक, बाहेर पडलं तर एकटाच एक. ओमेनाला हा हिशेब करावा लागत नाही, अंगातच असतो.

एका पोराने तराफ्याचा दोर इतक्या सावकाश ओढला, की दिवा सरकतोय हे कळत नव्हतं. मासा दिव्याबरोबर जाळ्यात चालत आला. घाई केली तर थवा फुटून खाली बसतो, मग तासभर वर येत नाही. तो पोरगा सतरा-अठराचा असेल. त्याच्या मनगटाइतकं कौशल्य आमच्या अख्ख्या प्रकल्प अहवालात नाही.

पहाटे चारला चंद्राची कोर चांगलीच वर आली आणि नावाड्याने दिवे काढले.

११ ऑगस्ट

झोपले.

१५ ऑगस्ट, मंगळवार

उद्या अमावास्या. आज सकाळी एकेचाळीस कराया.

बारा माच साडेसातला भरले. उरलेल्या एकोणतीस कराया पुन्हा वाळूवर, जुन्या जाळ्यांवर. ज्या बायकांना माच मिळाला नाही त्यांनी मला विचारलं, माच कोणासाठी बांधलेत? उत्तर नव्हतं. दोघींची भांडणं झाली, एकीची कराई लाथेने पालथी. मी मध्ये पडले, तर दोघी मिळून माझ्यावर.

दुपारी सरोवरावर धुराचे खांब दिसले. आग लागली की काय म्हणून विचारलं, चिलटं. पाण्यातून लाखोंनी बाहेर पडणारे तळ्याचे किडे, अमावास्येच्या आगेमागे त्यांचे लोट उठतात. त्यांच्या अळ्यांवरही ओमेना जगतो. संध्याकाळी ती चिलटं चहात, वहीत, दातांत.

रात्री आकडे मांडले. सहा तारखेला सात, आज एकेचाळीस, एक तारखेला शून्य. अख्ख्या महिन्याची सरासरी काढली तर बाराच्या आसपास येईलही. पण बारा कराया असा एकही दिवस मी अजून पाहिलेला नाही.

१७ ऑगस्ट, गुरुवार

माचावर मासा पसरताना एकाचं पोट टम्म. मामांनी अंगठ्याच्या नखाने चिरलं आणि आतून पांढरी, चपटी फीत निघाली. नाडीसारखी. माशाच्या जवळजवळ लांबीएवढी, आणि वळवळत होती. लिग्युला नावाची जंत-फीत. शिकताना चित्रात पाहिली होती. हिची अंडी पाण्यात पडतात, तरंगणाऱ्या बारीक जिवाच्या पोटात जातात, तो जीव ओमेना खातो, आणि ओमेनाला पक्षी. पक्ष्याच्या आतड्यात फीत मोठी होऊन पुन्हा अंडी. लागण झालेल्या माशाची स्वतःची अंडी होतच नाहीत. सगळं पोट भाडेकरूने बळकावलेलं.

मामा तसले मासे बाजूला कोंबड्यांना टाकतात. नाव माहीत नाही, पण हात लावताच कळतं.

किनाऱ्यावरच्या जुन्या खांबावर कवड्या खंड्या बसतो. आपल्याकडचाच, काळापांढरा, पाण्यावर एका जागी फडफडत राहून सूर मारणारा. पूर्वी हा फुलू खायचा. फुलू म्हणजे इथले शेकडो जातींचे लहान हॅप्लोक्रोमिन मासे. नाईल पर्च १९५०-६०च्या दशकांत बाहेरून आणून सोडला. १९८०च्या दशकात तो वाढला आणि फुलूच्या कितीतरी जाती दिसेनाशा झाल्या. खंड्या ओमेनाकडे वळला. ओमेना फुलूपेक्षा हलका, म्हणून त्याला तेवढंच पोट भरायला जास्त सूर मारावे लागतात. ओमेना मात्र पर्चच्या तडाख्यातून तगला. वर्षाच्या आतच वयात येतो, आणि पूर्वीपेक्षा लहान असतानाच वयात यायला लागला. पर्चचे तुकडे गोठवून परदेशी जातात. इथल्या माणसाच्या ताटात उगालीबरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर, पडतो तो ओमेना.

२४ ऑगस्ट, गुरुवार

अष्टमीचा चंद्र, मध्यरात्रीला मावळतो. होड्या आता रात्री बारानंतर जातात. पंधरा कराया आल्या असत्या, पण वाऱ्याने जलपर्णीचा गालिचा धक्क्यावर आणून लावला. तीन होड्या त्यात अडकल्या, किनारा शंभर हातांवर दिसत असताना दोन तास. मासा पोहोचला तेव्हा नऊ वाजले होते. पोटं फुटलेली. लहान, पोट भरलेला मासा असाच, पहाटेचे पहिले दोन तास गेले की पोट आधी जातं. असा मासा माचावर ठेवा नाहीतर चांदीच्या ताटात, पिवळाच पडणार. कोंबडीखाद्यवाला व्यापारी लगेच हजर. याला वास कसा लागतो कोण जाणे.

३० ऑगस्ट, बुधवार

नारळी पौर्णिमा. अर्नाळ्यात आज दर्याला नारळ, इथे होड्या चार दिवस वर. माच रिकामे. एका माचावर कोणीतरी चादरी वाळत घातल्यात, दुसऱ्यावर पोरं झोपलीत. वरिष्ठांना फोटो पाठवायचा होता, तो नाही पाठवला.

आईला फोन. तिला माचांचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बोंबलाला वलांडी लागते कारण तो टांगायचा असतो, तोंडात तोंड अडकवून. तुझा मासा टांगायचा नाय, पसरायचा. त्याला लाकूड कशाला पायजे एवढं? वारा खालून लागला पायजे, बस."

वारा खालून. मी उंचीत अडकले होते. वाळूवरचा मासा खालच्या अंगाने ओला राहतो, म्हणून उलटावा लागतो. माचावर खालूनही वारा लागतो, म्हणून तो लवकर सुकतो. पण त्यासाठी गुडघ्याइतकी उंचीही पुरते. शेळ्यांसाठी काट्यांचं कुंपण पुरे.

मामांनी आज ओमेना खायला घातला. आधी गरम पाण्यात दोनदा खळबळून वाळू आणि कडूपणा काढला, मग तेलात कुरकुरीत, मग कांदा-टोमॅटो. मी त्यात आमसूल टाकलं. घरून आणलेलं. मामांनी एक घास खाल्ला, विचार केला आणि आमसूल काढून ताटाच्या कडेला ठेवलं.

१२ सप्टेंबर, मंगळवार

वरिष्ठांशी दोन आठवडे पत्रापत्री. सरासरीवर माच ठरवू नका, अमावास्येच्या आठवड्यावर ठरवा, असं तिसऱ्यांदा लिहिलं. उत्तर : मग बाकीचे दिवस माच पडून राहतील, वापराचं प्रमाण कमी दिसेल. हो, दिसेल. छत्रीही आठ महिने पडून असते.

शेवटी मधला मार्ग निघाला. नवे पक्के माच नाहीत. त्याऐवजी हलक्या चौकटी : दोन वासे, चार आडवे, वर शेडनेट, त्यावर जुनं जाळं. विटांवर किंवा दगडांवर टेकवायच्या, काळोखाच्या आठवड्यात काढायच्या, चांदण्यात एकावर एक रचून ठेवायच्या. गावातल्या सुताराने पाच दिवसांत तीस केल्या. लाकडाचे पैसे उरलेल्या खिळ्यांच्या मथळ्याखाली दाखवले आहेत, हे इथेच लिहून ठेवते.

१९ सप्टेंबर, मंगळवार

गणेश चतुर्थी. किसुमूला जायला जमलं नाही. खोलीत सुपारी ठेवली, गूळ-खोबरं.

चतुर्थीची कोर रात्री लवकर मावळली आणि होड्यांना जवळजवळ अख्खी रात्र मिळाली. अडतीस कराया. बारा माच, तीस चौकटी. सगळा मासा वाळूच्या वर. भांडण एकच झालं, तेही सावलीच्या जागेवरून.

एक कराई मुद्दाम वाळूवर पसरायला मामांकडून मागून घेतली, तुलना म्हणून. त्यांना ते अजिबात आवडलं नाही. दुपारी तीनला माचावरचा मासा मुठीत दाबला की कुरकुर वाजत होता, वाळूवरच्याची पाठ सुकी आणि पोट ओलं. चार किलो ओल्याचा माचावर सव्वा किलो झाला. वाळूवरच्याचं वजन थोडं जास्तच भरलं. मामा म्हणाल्या, अर्थात, त्यात किनारा आहे.

होमा बेच्या व्यापारी बाईने दोन्ही ढिगांतून चिमूटभर तोंडात टाकलं, चावलं, एकातलं थुंकलं. भाव तिथेच ठरला.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

तीन दिवसांपूर्वी अमावास्या झाली, मासा भरपूर, आणि पाऊस. पावसाळा आलाय, यंदा एल निनोचा म्हणून सगळे धास्तावलेत. दुपारी दोनला सरोवराच्या आतल्या बाजूने काळं चढतं आणि अर्ध्या तासात किनारा धुऊन निघतो. चौकटींचा एक फायदा मी आधी धरलाच नव्हता : दोघींनी दोन टोकं धरायची आणि मासा पसरलेल्या अवस्थेतच उचलून छपराखाली न्यायची. पक्का माच उचलता येत नाही. त्यावर ताडपत्री टाकली, तर आत वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी बुरशी.

आज पाच चौकटींवरचा मासा वाचला, माचांवरचा सगळा गेला. बारा पक्के माच, निलगिरीचे, मी स्वतः जागा आखलेले.

कोंबडीखाद्यवाल्याने आज मला नावाने हाक मारली.

२८ ऑक्टोबर, शनिवार

कोजागिरी, आणि वर खंडग्रास चंद्रग्रहण. होड्या चार दिवसांपासून वर. किनाऱ्यावर चूल मांडून दूध आटवलं, किसुमूच्या दुकानातून आणलेले काजू-वेलची घातली. ग्रहणात दूध पिऊ नये, असं आई फोनवर म्हणत होती, म्हणून दहाच्या आत सगळ्यांना वाटून टाकलं. मामांनी दोन पेले घेतले. आमसुलाचं उट्टं निघालं.

साडेदहानंतर चंद्राला कडेला दात लागला. जेमतेम नखाएवढा भाग काळवंडला. नावाड्यांची पोरं पाण्याकडे बघत उभी. तो दोर ओढणारा पोरगा म्हाताऱ्याला विचारत होता, अजून थोडा गेला तर दिवे काढायचे का? म्हातारा बराच वेळ वर बघत राहिला, मग म्हणाला, एवढ्याने मासा फसत नाही. पोरं तरीही बारापर्यंत तिथेच बसली होती.

मामा सोमवारी सुताराला बोलावणार आहेत. बारातले सहा माच मोडून त्याच्या चौकटी करायच्या आहेत. एक-दोन तारखेपासून पुन्हा काळोखाचे तास मिळतील, त्याआधी झालं पाहिजे. मी वरिष्ठांना अजून कळवलेलं नाही.